‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील!’

हे वाक्य खराडीत कुठेही ऐकायला मिळतं. सोसायटीच्या बागेत, गावठाणातल्या ओट्यावर, किराणा दुकानाच्या रांगेत. पोरगं जेवत नाही, आण डॉक्टर. चॉकलेट मागतंय, आण डॉक्टर. मग एक दिवस त्याच पोराला दातांच्या डॉक्टरकडे नेऊन आपण म्हणतो, "शहाण्यासारखं तोंड उघड बरं." ते कशाला उघडेल?

मंडळी, खराडी-चंदननगर पट्ट्यात दातांच्या दवाखान्यांची कमतरता नाही. पण मूल पहिल्यांदा त्या खुर्चीत बसतं कधी? रात्रभर दाढ ठणकल्यावर, गाल सुजल्यावर. आई-बाप दोघंही कामावर, म्हणून शनिवारी संध्याकाळी, मूल दमलेलं आणि भुकेलेलं असताना. घरून सांगून आणलेलं असतं, "काही करणार नाहीत, नुसतं बघणार." आणि पाच मिनिटांत भुलीचं इंजेक्शन समोर. पुढच्या वेळी ते दवाखान्याची पायरी चढत नाही आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे. माझ्या मते यात हट्ट कसला? एकदा फसवलं गेलंय ते.

लहान मुलांचे दंततज्ज्ञ सांगतात, पहिली तपासणी पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत करा. म्हणजे काहीही दुखत नसताना जायचं, आईच्या मांडीवर बसून दात दाखवायचे आणि घरी यायचं. त्या वयात मूल रडणारच, त्यात काही वावगं नाही.

"दुधाचेच तर दात, पडणारच आहेत" हे आजीचं ठरलेलं वाक्य. पडणार खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. ती यायला कुठला दात पडावा लागत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. रात्रीची दुधाची बाटली आणि चहात बुडवलेली बिस्किटं यांच्यापुढे ती किती टिकणार?

भीती घालवण्याची रीतही जुनीच आहे. १९५९ साली ॲडलस्टन यांनी मांडलेली पद्धत आज जगभर शिकवतात: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. मशीन आधी मुलाच्या नखावर फिरवायचं, आवाज ऐकवायचा, मगच तोंडात. याला वेळ लागतो. तो वेळ न देता दोघांनी हात आणि एकाने पाय धरून काम उरकणं मला पटत नाही. सूज, ताप असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पालकांनी सरळ विचारावं, "डॉक्टर, हे आजच करायलाच हवं का?" मशीन न लावता कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. किडलेला भाग काळा पडतो, आणि प्रत्येक दाताला ते चालत नाही. पण विचारायला काय जातं?

आता शाळांचं बघा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांचे विकारही तपासायचे आहेत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पण हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी. आपल्याकडची निम्मी-अर्धी पोरं पिवळ्या बसमधून ज्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जातात, त्या यात बसत नाहीत. लाखभर फी भरूनही दात कुणी बघत नाही! खरं तर डॉक्टर पहिल्यांदा वर्गातच भेटायला हवा. मित्र रांगेत पुढेमागे, हातात फक्त आरसा, ना सुई ना मशीन. भीती तिथेच निम्मी होते.

पालकसभेत बस आणि गणवेशावर तासभर भांडण होतं. यंदा हा विषय काढा. आणि आपल्या भागात कुठल्या शाळेत अशी तपासणी खरंच होते हे माहीत असेल तर मला कळवा, खात्री करून यादी इथेच टाकतो.