जित्याची खोड, कोटीची गाडी
चाकोरी – सारथी

ऑक्टोबर १९७४, पॅरिसचं मोटार प्रदर्शन. अरब देशांनी तेल रोखून धरल्याला जेमतेम वर्ष झालेलं. पेट्रोलचे भाव भडकलेले, जर्मनीत रविवारी गाड्या बाहेर काढायला बंदी घालून झालेली. अशा दिवसांत पोर्शने ९११ टर्बो लोकांपुढे ठेवली. तीन लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, वेग ताशी २५० किलोमीटर. कारखान्याच्या कागदांत तिचा क्रमांक ९३०, आणि जाणकार आजही तिला त्याच आकड्याने ओळखतात. आदल्या वर्षी आलेली बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो १,६७२ गाड्यांवरच आटोपली. ९३० मात्र १९८९ पर्यंत चालली.

पोर्शचे त्या वेळचे प्रमुख अर्न्स्ट फुरमान यांचा हिशेब शर्यतीचा होता. टर्बोची ताकद कंपनीने ९१७ या शर्यतीच्या गाडीवर अमेरिकेत पारखून घेतली होती. ९११ ला त्या वाटेने न्यायचं, तर नियमाप्रमाणे दोन वर्षांत अशा चारशे गाड्या रस्त्यावर विकणं भाग होतं. चारशे तरी खपतील का, अशी धास्ती होती. १९७७ पर्यंत अडीच हजारांहून जास्त खपल्या.

टर्बोची युक्ती साधी आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. मेख अशी, की धुराला जोर येईपर्यंत पंखा सुस्तच राहतो. शिवाय दाबलेल्या हवेने इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून ९३० चं कॉम्प्रेशन ६.५ इतकं खाली आणलेलं. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी काहीच होत नाही. मग एकाएकी सगळं होतं. त्यात गिअर चारच, एकेक लांबलचक. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणाच्या मध्यावर ताकदीचा लोट आला, चालकाने घाबरून पाय उचलला, की वजन पुढे झुकायचं, मागची चाकं पकड सोडायची आणि गाडी शेपटाकडून फिरायची. 'बायकांना विधवा करणारी' हे टोपणनाव तिला उगाच पडलेलं नाही.

१९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचं झालं. दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलर आला, ताकद ३०० वर गेली, ब्रेक ९१७ च्या धर्तीचे बसले. पाचवा गिअर मिळाला तो थेट १९८९ मध्ये, शेवटच्या वर्षी. खोड कमी झाली, गेली नाही. जित्याची ती.

आता बाजाराकडे वळू. १९७६ मध्ये अमेरिकेत ही गाडी २६ हजार डॉलरच्या आसपास मिळायची. पुढे एक काळ असा आला, की ती नुसती 'जुनी पोर्श' होती. मालकांनी मोठे टर्बो चढवले, नाक कापून चपटं करून घेतलं, मनाला येईल ते रंग मारले. मग हवेवर थंड होणाऱ्या पोर्श गाड्यांची ओढ वाढली आणि २०१० नंतर भाव चढत गेले. आज चांगल्या स्थितीतली ९३० लाख-दोन लाख डॉलरच्या घरात जाते, म्हणजे आपल्याकडचा कोटीचा व्यवहार. सगळ्यात जास्त मागणी दोन टोकांना: सुरुवातीच्या तीन लिटरला आणि पाच गिअरच्या १९८९ च्या गाडीला.

गंमत बघा. कारखान्याने चपट्या नाकाची करून दिलेली गाडी जास्त मोलाची. गल्लीतल्या वर्कशॉपने तसंच केलेली कमी मोलाची. पत्रा दोन्हीकडे कापलेलाच, पण एकीला कागद आहे. नट स्टीव्ह मॅक्वीन याने १९७६ ची ९३० खास बनवून घेतली होती. रात्री मागचे दिवे बंद करायला तिला एक वेगळं बटण होतं, पाठलागावरच्या पोलिसांना चकवण्यासाठी. २०१५ मध्ये तिला लिलावात १९ लाख ५० हजार डॉलर मिळाले. एका बटणाची गोष्ट अशी महाग पडते.

माझं मत सरळ आहे. या गाडीचे पैसे वेगासाठी मोजत असाल तर फसलात; आजची साधीशी टर्बो हॅचबॅकही तिच्याहून शहाणी चालते. पैसे मोजायचे ते त्या खोडीसाठी, दबलेल्या पायाला उत्तर यायला लागणाऱ्या त्या क्षणासाठी. म्हणून १९८९ ची सोय कितीही महाग विको, माझी पसंती पहिल्या तीन लिटरलाच. आणि जो ती खरेदी करून ताडपत्रीखाली कोंडतो, त्याने नेमकी तीच खोड गमावली. उभ्या गाडीला खोड नसते. तिथे नुसतं वजन असतं.

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. पॅरिसला ९३० आली त्याच १९७४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने धावू लागली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षं ओलांडलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तेव्हा आजोबांची गाडी अंगणात उभी असेल, तर मेकॅनिकने 'इंजिनच बदलून टाकू' म्हटल्यावर लगेच मान डोलावू नका. आधी आरसी बुक शोधा आणि त्यातला इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा.