आवाज दाबायचा की बदलायचा?

लग्नाच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवणाऱ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चाळीत रियाझ करायची चोरी! त्यामुळे 'म्यूट घे' असा सल्ला जो तो देतो. पण कोणता घ्यावा, हे कोणीच सांगत नाही.

म्यूट म्हणजे भोंग्यात बसवायचा लाकडाचा, फायबरचा किंवा अॅल्युमिनियमचा मोठा शंकू. सरावाचा म्यूट भोंगा जवळजवळ बंदच करतो. शेजारी सुखावतात, पण फुंक अडते. रोज त्याच्यावरच वाजवले, तर मांडवात फुंक मोकळी कशी सुटणार? मैफलीच्या म्यूटला बाजूने बुचाच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामधून हवेला वाट राहते. त्याने आवाज केवळ लहान होत नाही, त्याची जातच बदलते. रिचर्ड स्ट्राउसने १८९७ साली 'डॉन किहोते'त ट्यूबाला म्यूट लावायला सांगितले, ते काही शेजाऱ्यांसाठी नव्हे!

आपण मात्र दुकानात 'आवाज किती कमी होतो?' एवढेच विचारतो. माझ्या मते आधी खालचे सूर वाजवून पाहावेत. म्यूट लावला की पहिल्यांदा तेच दगा देतात. त्यासाठी खांदा दुखला तरी स्वतःचे वाद्य सोबत न्यावे, कारण प्रत्येक भोंग्याचा उतार निराळा. बूच जाड वाटले तर काचकागदाने घासता येते, पण बेताने. घासलेले बूच परत येत नाही, आणि आमच्या घरात एवढे पैसे दुसऱ्यांदा निघायचे नाहीत.

वडील म्हणतात, "त्यापेक्षा टॉवेल कोंब." टॉवेल फुकटचा, हे खरे. पण खालचा सूर त्यातच घुसमटतो, आणि ट्यूबा घरात आणला तो त्या सुरासाठीच ना?