नुसता वेग पुरेसा आहे का?



माझी ताई गेली काही वर्षं अमेरिकेत असते. तिचा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि अमेरिकन फुटबॉलचा अगदी वेडा. दर रविवारी फोनवर तो मला त्या खेळातलं काहीतरी शिकवतो. ऑगस्ट आला की त्याचा विषय ठरलेला असतो. त्याच्या आवडत्या संघाच्या सराव शिबिरात वाऱ्यासारखा पळणारा एखादा नवा वाइड रिसीव्हर येतो आणि हा म्हणतो, "मामा, सगळ्यात फास्ट तोच आहे. त्याला घेणारच!"

मला तसं वाटत नाही. का, ते सांगतो. कारण हा प्रश्न आपल्या वर्गाचाही आहे.

वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेने पळत जाऊन क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. अशा खेळाडूला वेग हवाच. त्यासाठी निवडीआधी दरवर्षी इंडियानापोलिसला चाचणी होते. 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायचं. 2017 मध्ये जॉन रॉसने हे अंतर 4.22 सेकंदांत कापलं. 2024 मध्ये झेवियर वर्दीने 4.21 सेकंदांत पळून तो विक्रम मोडला.

आता संघातल्या जागांचा हिशोब बघा. शिबिरात 90 खेळाडू असतात. ऑगस्टच्या शेवटी त्यातले 53 ठेवायचे आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं. रिसीव्हर शिबिरात दहा-बारा असतात, शेवटी साधारण पाच-सहा राहतात. त्यातल्या पहिल्या तीन-चार जागा जवळजवळ ठरलेल्या असतात. म्हणजे नव्या पोराची खरी झुंज पाचव्या आणि सहाव्या जागेसाठी असते, आणि तिथे त्याच्यासारखे चार-पाच जण उभे असतात.

अशा वेळी घड्याळातला आकडा किती कामाला येतो? जॉन रॉसचंच उदाहरण घ्या. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला अख्ख्या देशातून नवव्या क्रमांकावर निवडलं. पहिल्या वर्षी त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. दुसऱ्या वर्षी त्याने 7 टचडाउन केले, पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही आणि 2020 च्या हंगामानंतर तो त्या संघातून बाहेर पडला. ड्राय आर्चर 2014 मध्ये 4.26 सेकंदांत पळाला. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि दुसऱ्याच हंगामात सोडून दिलं. उलट जेरी राइस. 1985 मध्ये तो आला तेव्हा फार वेगवान म्हणून त्याची ख्याती नव्हती. पण कारकिर्दीत त्याने 1,549 झेल आणि 22,895 यार्ड केले. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

असं का होतं? कारण घड्याळ लावून पळताना समोर कुणी नसतं. सामन्यात सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या 5 यार्डांत बचावपटूला रिसीव्हरला हातांनी रेटायची मुभा असते. कबड्डीत नुसता पळणारा चढाईपटू कोपऱ्यातल्या खेळाडूच्या तावडीत सापडतो, तशीच इथे किरकोळ अंगाच्या वेगवान पोराची गत होते. त्यातून सुटला तर ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या पावलाला वळायचं असतं, कारण क्वार्टरबॅक त्याने वळण्याआधीच चेंडू सोडतो. आणि शेवटी चेंडू हातात राहायला हवा.

मग वेगाला किंमतच नाही का? तसंही नाही. बॉब हेज 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरचं सुवर्णपदक जिंकला आणि पुढे डॅलस काउबॉइजकडून खेळला. त्याच्या वेगाने प्रतिस्पर्ध्यांना बचावाची पद्धत बदलायला लावली. पण तो कॉलेजातही फुटबॉल खेळत होता, हे विसरू नका. दुसरं उदाहरण मॅथ्यू स्लेटरचं, आणि मला तेच जास्त आवडतं. 2008 मध्ये पाचव्या फेरीत तो न्यू इंग्लंड पॅट्रियट्सकडे आला. नाव रिसीव्हरचं, पण सगळ्या कारकिर्दीत झेल फक्त एक! तरी तो 16 हंगाम टिकला आणि 10 वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला. कारण संघाने लाथाडलेल्या चेंडूमागे सुसाट धावत जायचं आणि तो झेलणाऱ्याला जागीच पाडायचं, हे काम त्याने जीव ओतून केलं. त्याचा वेग कुठे वापरायचा हे प्रशिक्षकांनी ओळखलं होतं.

म्हणून माझं मत असं, की फक्त वेगाच्या जोरावर त्या पोराची संधी निम्म्याहून कमी आहे. तो किक-ऑफचा चेंडू घेऊन परत पळू शकत असेल, तर ती बरीच वाढते. 2024 पासून किक-ऑफचे नियम बदलल्यामुळे अशा धावा वाढल्या आहेत. आणि 53 मध्ये नाव नाही आलं, तरी सरावासाठी ठेवलेल्या 16-17 जणांच्या गटात जागा मिळू शकते. तिथे आणखी एक वर्ष शिकता येतं.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. वाचन तपासताना मीही घड्याळ लावतो, मिनिटाला किती शब्द ते मोजतो. गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी सगळ्यात भरभर वाचायची. मी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. एक मुलगा ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचायचा, त्याचं नाव मी 'मागे राहिलेल्या' मुलांच्या यादीत टाकलं. एकदा सहज गोष्टीवर प्रश्न विचारले. मुलीला गोष्ट सांगता आली नाही, मुलाने ती सगळी सांगितली. चूक मुलांची नव्हती, माझ्या मोजण्याची होती. मुलीला थांबून विचार करायला शिकवायला हवं होतं, आणि मुलाचं नाव त्या यादीत नको होतं. आकडा खोटा नसतो, पण तो एकाच गोष्टीचा असतो. सगळं मूल त्यात मावत नाही.

भाच्यालाही पुढच्या वर्षी शाळेच्या संघात जायचंय. वर्गात सगळ्यात जोरात तोच पळतो आणि रोज पळायचाच सराव करतो. मी त्याला म्हटलं, "बाळा, पळणं तुला येतंच. आता रोज आईला 50 चेंडू फेकायला सांग आणि झेल." तो जरा हिरमुसला. पण काल ताईचा फोन आला, म्हणाली, "अरे, माझा खांदा दुखायला लागला!"

म्हणजे सराव सुरू झालाय.