शोभिवंत माशांचे पर कापू नयेत

ऊस तोडला म्हणजे बुडख्यातून नवे फुटवे येतात, हा कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. जोडधंदा म्हणून शोभिवंत मासे पाळणारे काही बंधू हाच न्याय माशांस लावतात व कुजलेले पर कात्रीने छाटतात. आमच्या मते ही पद्धत त्याज्य होय.

पर पुन्हा वाढतो, हे खरे. झेब्रा माशाची कापलेली शेपटी २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत भरून येते. परंतु प्रयोगशाळेत मासा निरोगी असतो, पाणी स्वच्छ असते व कापण्यापूर्वी गुंगीचे औषध दिलेले असते. आपल्या टाकीत पर कुजतो तो बहुधा जिवाणूंमुळे. आणि दाटी, उरलेले खाद्य व त्यातून वाढणारा अमोनिया त्यांस वाव देतात. छाटणीने हे कारण दूर होत नाही. उलट ताजी जखम त्याच घाण पाण्यात राहते.

यास्तव रोगी मासा वेगळा करावा, त्याचे जाळे निराळे ठेवावे, खाद्य कमी करावे व रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. पराचे मूळ शाबूत असल्यास तो आपोआप वाढेल. थंडीत मात्र धीर धरावा. कूज मुळाकडे सरकू लागल्यास विलंब न लावता मत्स्यव्यवसाय विभागाचा सल्ला घ्यावा.