वरून रंग, आतून गंज



या सदरात मी नेहमी रक्तदाब, साखर, गुडघे यांच्याविषयी लिहिते. आजचा रोगी जरा वेगळा आहे. त्याला दोन चाकं आहेत, आणि तो आमच्या अश्दोदच्या घराबाहेर उभा असतो.

करावान म्हटलं की आपल्यातल्या जुन्या लोकांना राहायला मिळालेली पत्र्याची खोली आठवते. मी म्हणते तो करावान गाडीच्या मागे बांधून फिरायला न्यायचा. आत बिछाने, शेगडी, छोटं सिंक, सगळं असतं. माझ्या मुलाने २०१९ साली तो जुना विकत घेतला. खालून काळाभोर, चकचकीत रंग दिलेला. मुलगा खूश. "आई, बघ, अगदी नव्यासारखा!" मीही खूश झाले. रोग्याची चादर पांढरी असली म्हणून जखम बरी झाली असं नसतं, हे मी चाळीस वर्षं नोकरीत पाहिलं होतं, पण त्या दिवशी विसरले.

दोन-तीन सुट्ट्या मजेत गेल्या. किनेरेतला गेलो, मृत समुद्रावर दोन रात्री काढल्या. घरी येऊन करावान तसाच उभा केला. वर पुसला, आतून झाडला, खाली कोण बघतो?

पुढे एका वसंतात पुन्हा मृत समुद्राला जायचं ठरलं. सामान भरलं. माझ्या नऊ वर्षांच्या नातवाचा चेंडू करावानखाली गेला. तो सरपटत आत गेला आणि मूठ भरून बाहेर आला. "आजी, हा बघ, करावान पापड गाळतोय!" हातात तांबूस पापुद्रे होते. इथली मुलं त्याला खलुदा म्हणतात, आपण गंज म्हणतो.

मी हातोडी मागितली. डॉक्टर छातीवर बोटांनी ठोकून बघतात ना, तसं ठोकत गेले. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. पुढच्या त्रिकोणी सांगाड्याशी, जिथे करावान गाडीला अडकवतात, तिथे आवाज आला थप्प. मुलाने पेचकस टेकवून जरा दाबला, तर तो सरळ आत गेला. वर रंग होता, आत लोखंड उरलंच नव्हतं. विकणाऱ्याने गंजावरच रंग फासला होता.

अरादहून मृत समुद्राला उतरताना रस्ता साधारण एक हजार मीटर खाली जातो, वळणावळणाचा. त्या उतारावर ती जागा तुटली असती तर? मी पुढचं लिहीत नाही. सहल रद्द झाली. मुलं रडली. मी मात्र त्या रात्री शांत झोपले.

आता हा रोग होतो कसा ते सांगते. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज धरतो. एक नसेल तर धरत नाही. मीठ त्यात भर घालतं, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याचं काम भराभर चालतं. भूमध्य समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३९ ग्रॅम मीठ असतं, मृत समुद्रात ३०० ग्रॅमहून जास्त. शिवाय मृत समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पुष्कळ. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून गाडी वाळली असं वाटलं तरी तो थर ओलाच राहतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसला की आत रोग आहे असं समजावं.

उपचार जखमेसारखाच. घाणीवर पट्टी बांधायची नाही. आधी तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने चांगलं लोखंड चमकेपर्यंत घासावं. खाचेत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं औषध लावतात, त्याने गंजाचा घट्ट थर बनतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच. पण त्याआधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन पूर्ण वाळवायला हवं. रंगाखाली मीठ राहिलं तर गंज पुन्हा डोकं वर काढतो. मग जस्ताचा प्रायमर, आणि त्यावर रंगाचे दोन हात, मध्ये वाळायला वेळ देऊन. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणूनच आपल्या बादल्यांना जस्ताचा मुलामा असायचा.

ब्रेक, रबर, चाकाचे बेअरिंग आणि अडकवायची कडी यांवर रंग लावू नये. चासीला खाली छोटी भोकं असतात, ती पाणी निघून जाण्यासाठी असतात, बुजवू नयेत.

आणि लोखंड पातळ झालं असेल, थर सुटत असतील, भोक पडलं असेल, तर लांबी भरून झाकू नका. ते काम जाणत्या वेल्डिंगवाल्याचं. आधी गॅसचं नळकांडं काढायचं आणि बॅटरी सोडवायची. काही चासींना वेल्डिंग चालत नाही, ते माहितीपुस्तिकेत बघायचं. आमच्या सांगाड्याचा कुजका तुकडा कापून नवा बसवला. पैसे गेले, पण कोणाला इजा झाली नाही.

रोग टाळणं मात्र स्वस्त असतं. समुद्राहून आलं की त्याच दिवशी खालून नळीने गोड्या पाण्याने धुवावं, पाण्याचा जोर बेअरिंगवर न मारता. करावान गवतावर नाही, फरशीवर किंवा खडीवर उभा करावा. आच्छादन जमिनीपर्यंत ओढू नये, आत घाम धरतो. वर्षातून दोनदा, पेसाहच्या आधी आणि पावसाच्या आधी, बॅटरी घेऊन खाली नजर टाकावी.

आमच्या रेवदंड्याला आजी पावसाळ्याआधी विळी, कोयता, कुदळ तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायची. आपल्या लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणत, तेव्हा तेलाचा गुण आपल्याला कोणी शिकवायला नको! तेल पाण्याला लोखंडापर्यंत पोचू देत नाही. करावानखाली मात्र मेणाचा फवारा बरा, कारण साधं तेल धुऊन जातं. इंजिनचं जळकं तेल अजिबात नको. रबर खराब होतं आणि जमीनही.

माझ्या वयाच्या मंडळींनो, आपण गाडीखाली जायचं नाही. मुलांना सांगा, नुसत्या जॅकवर उचललेल्या करावानखाली कोणीही शिरू नये, खाली पक्के स्टँड लावावेत, चाकांना ठोकळे द्यावेत. आपण हातोडी घेऊन कडेला बसावं आणि कान द्यावा.

आता नर्स म्हणून एक गोष्ट. गंजाने धनुर्वात होतो असं सगळे म्हणतात. गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि खोल, मळक्या जखमेत वाढतात. खिळा स्वच्छ दिसला तरी मातीतला असेल तर धोका आहेच. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. मोठ्यांना दर दहा वर्षांनी डोस लागतो. मळक्या जखमेत पाच वर्षं उलटली असली तरी विचारावं.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी प्रयोग. मुलामा नसलेले तीन लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासा. एक साध्या पाण्यात, दुसरा मिठाच्या पाण्यात आणि तिसरा व्हॅसलीन फासून मिठाच्या पाण्यात ठेवा. खिळे अर्धे पाण्याबाहेर राहू द्या. रोज बघा आणि आठ दिवसांनी आजी-आजोबांना दाखवा. कोणता खिळा जास्त गंजला आणि का, ते मराठीत सांगायचं हं! शब्द अडला तर त्यांनाच विचारा.

आमचा करावान आता पुन्हा प्रवास करतो. निघण्याआधी नातू खाली वाकतो, मी हातोडीने ठोकते. ठण्ण वाजलं की मगच चाकं हलतात.

पुढच्या अंकात भेटूच. तब्येत सांभाळा. शालोम.