हात दाखवून अवलक्षण : ‘इम्पॅक्ट’ या विजेच्या मोटारीची दोन पूर्वदर्शने

(थ्रेड) विजेवर चालणाऱ्या आगामी मोटारीचा नमुना लोकांपुढे मांडला जातो, तेव्हा नेमके काय घडते? कंपनीच्या लेखी ती केवळ झलक असते. पाहणाऱ्याच्या लेखी ते वचन असते. या दोन समजुतींमधील अंतर किती महागात पडू शकते, हे कॅलिफोर्नियात १९९० ते २००५ या काळात दिसून आले.

त्या काळाविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, जनरल मोटर्सने उत्तम विजेची मोटार बनवली आणि तेल कंपन्यांच्या साथीने स्वतःच तिचा गळा घोटला. दुसरी, मोटार बरी होती, पण ती कोणाला नकोच होती. दोन्हींत चर्चा होते ती मोटार कशी मेली याची. ती लोकांना कशी दाखवली गेली, याकडे फारसे कोणी पाहत नाही. आणि खरी मेख तिथेच आहे.

प्रारंभ मात्र ऑस्ट्रेलियात झाला. १९८७ मध्ये डार्विन ते अॅडिलेड अशी सुमारे ३,००० किलोमीटरची सौर मोटारींची शर्यत झाली. ती जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ने जिंकली. या गाडीमागे पॉल मॅक्‌क्रेडी यांची एरोव्हायरन्मेंट ही संस्था होती. केवळ माणसाने पायडल मारून चालणाऱ्या विमानाने १९७९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली होती. ते विमानही मॅक्‌क्रेडी यांचेच. कमीत कमी शक्तीत जास्तीत जास्त अंतर कापणे हा या माणसाचा ध्यास होता. याच मंडळींकडे विजेच्या मोटारीचे काम आले. ॲलन कोकोनी यांनी तिची विद्युत यंत्रणा सिद्ध केली.

जानेवारी १९९० मध्ये कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी लॉस एंजेलिसमध्ये हा नमुना जगापुढे आणला. नाव ‘इम्पॅक्ट’. मोटारीला ‘आघात’ असे नाव द्यावे, हे कोणाला सुचले असेल ते असो. दोन आसने, पाण्याच्या थेंबासारखा निमुळता आकार, आणि पोटात साध्या मोटारींत असतात त्याच जातीच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या. तरीही ताशी सुमारे ९६ किलोमीटरचा वेग ती आठ सेकंदांत गाठत असे. विजेची गाडी म्हणजे गोल्फच्या मैदानावरचे खेळणे, ही समजूत त्या दिवशी मोडली.

येथे थोडे मागे जावे लागेल, कारण असे दाखवणे कंपनीला नवे नव्हते. १९६६ मध्ये तिने ‘इलेक्ट्रोव्हेअर’चा नमुना चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या घालून दाखवला होता. त्या बॅटऱ्या अतिशय महाग होत्या आणि साधारण शंभरेक वेळा चार्ज केल्यावर निकामी होत. १९७९ मध्ये तेलटंचाईच्या छायेत जस्त-निकेल बॅटरीचा गाजावाजा झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत विजेची मोटार बाजारात येईल असे जाहीर करण्यात आले. ती आली नाही. कोणी जाबही विचारला नाही. दाखवायचे, टाळ्या घ्यायच्या आणि विसरून जायचे, हा रिवाज त्यातून पडला. त्याची किंमत मोजावी लागत नव्हती.

१९९० मध्ये ती मोजावी लागली. एप्रिलमध्ये, वसुंधरा दिनाच्या तोंडावर, स्मिथ यांनी ही मोटार प्रत्यक्ष उत्पादनात आणण्याची घोषणा केली. जुलैअखेर ते निवृत्त झाले. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाने नियम केला : राज्यात मोठ्या प्रमाणावर मोटारी विकणाऱ्या सात कंपन्यांनी १९९८ पर्यंत आपल्या विक्रीत २ टक्के, २००१ पर्यंत ५ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के मोटारी शून्य उत्सर्जनाच्या ठेवल्या पाहिजेत. ‘शून्य उत्सर्जन’ याचा त्या काळी व्यवहारातील अर्थ एकच होता : वीज.

हा नियम केवळ ‘इम्पॅक्ट’मुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. डोंगरांनी वेढलेल्या लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात धूर कोंडून राहत असे. संघराज्याच्या कायद्याने कॅलिफोर्नियाला मोटारींच्या धुराबाबत स्वतंत्र, अधिक कडक नियम करण्याची मुभा दिली होती आणि मंडळाची तयारीही आधीपासून चालू होती. पण ‘हे तंत्रज्ञान अस्तित्वातच नाही’ या मोटार उद्योगाच्या नेहमीच्या सबबीतली हवा जनरल मोटर्सनेच काढून घेतली होती. नमुना सर्वांनी पाहिला होता, अध्यक्षांनी उत्पादनाचा शब्द दिला होता. मराठीत याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

पुढच्या दोन वर्षांत परिस्थिती पालटली. १९९१ मध्ये कंपनीला ४ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. १९९२ चा तोटा २३ अब्जांच्या वर गेला. त्यातला मोठा भाग निवृत्त कामगारांच्या आरोग्यखर्चाच्या हिशेबी तरतुदीचा होता. पण कारखाने बंद पडत होते आणि वरिष्ठांच्या खुर्च्या हलत होत्या, हेही खरे. १९९२ च्या अखेरीस मोटारीचे पूर्ण उत्पादन लांबणीवर पडले आणि हाताने जुळवलेल्या केवळ ५० गाड्या बनवायचे ठरले.

या पन्नास गाड्यांचे पुढे काय झाले, तो या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

१९९४ मध्ये दुसरे पूर्वदर्शन सुरू झाले. या वेळी मोटार मंचावर नव्हती, लोकांच्या घरी होती. उपक्रमाला नावच ‘प्रीव्ह्यू’ दिले होते. या शब्दाच्या इंग्रजी लेखनात ‘ई’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे लागोपाठ येतात; ती मुद्दाम मोठ्या लिपीत छापली गेली. निवडलेल्या नागरिकाला एक ते दोन आठवडे गाडी वापरायला मिळे. मोबदल्यात त्याने आपला अनुभव नोंदवायचा. लॉस एंजेलिसमध्ये कंपनीला ८० स्वयंसेवकांची अपेक्षा होती. १०,००० दूरध्वनी आल्यावर लाइन बंद कराव्या लागल्या. न्यूयॉर्कमध्ये हा आकडा १४,००० झाला.

आणि तरीही, उपक्रम सुरू होण्याआधीच, जानेवारी १९९४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने असे वृत्त दिले होते की कंपनी ही चाचणी फसणार असे धरूनच ती घेत आहे. शक्य ते सारे केले, पण गाडी कमी पडते, असा कंपनीचा सूर होता. १९९८ ची मुदत डोक्यावर टांगलेली होती आणि नियम शिथिल व्हावा यासाठी मोटार उद्योगाची खटपट जोरात होती. लोकांच्या अनुभवांच्या नोंदी साठू लागण्याआधीच त्यांचे तात्पर्य तयार होते.

कंपनीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. फुकट गाडी चालवायला चौदा हजार माणसे उत्सुक असणे म्हणजे चौदा हजार गिऱ्हाईक नव्हे. शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे वजनच अर्ध्या टनाहून अधिक होते. एका चार्जमध्ये शंभरेक किलोमीटरचा पल्ला, तोही रस्ता आणि हवामान अनुकूल असेल तर. नव्वदच्या दशकात अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते. पुढे मोटार भाड्याने देऊ लागल्यावर प्रतीक्षायादीतील हजारो नावांपैकी प्रत्यक्ष करार करणारे थोडेच निघाले, असे कंपनीने सांगितले. या कार्यक्रमावर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च झाल्याचेही तिने सांगितले. हे सर्व विचारात घेण्यासारखे आहे. आक्षेप वेगळा आहे. प्रश्न विचारणारा, उत्तरांच्या नोंदी घेणारा, त्यांचा अर्थ लावणारा आणि तो अर्थ नियमकर्त्यांपुढे नेणारा पक्ष एकच होता; आणि उत्तर ‘नको’ असे येण्यात त्याचा उघड लाभ होता. ज्यांनी गाडी चालवली, ते साक्षीदार ठरले, पक्षकार कधीच नव्हते.

मार्च १९९६ मध्ये मंडळाने १९९८ ते २००२ पर्यंतची टक्केवारी रद्द केली; २००३ ची १० टक्क्यांची अट तेवढी ठेवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘इम्पॅक्ट’चे उत्पादित रूप, ‘ईव्ही-१’, कॅलिफोर्निया आणि अॅरिझोनात रस्त्यावर आले. किंमत सुमारे ३४,००० डॉलर छापलेली होती, पण त्या किमतीला गाडी विकत मिळत नव्हती. ती केवळ भाडेकराराने मिळे आणि करार संपल्यावर विकत घेण्याचा पर्याय त्यात नव्हता. १९९९ पर्यंत अशा १,११७ गाड्या बनल्या. कायदेशीर अर्थाने पाहिले तर पूर्वदर्शन संपलेच नव्हते. त्याची मुदत वाढवून त्याला मासिक हप्ता लावला होता, इतकेच.

पुढचा भाग माहितीपटांमुळे सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. मोटार कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली. २००३ मध्ये मंडळाने नियम आणखी सैल केला. सुटे भाग मिळणार नाहीत, सुरक्षिततेची जबाबदारी घेता येणार नाही, अशी कारणे देऊन कंपनीने गाड्या परत घेतल्या. बहुतेक चिरडल्या गेल्या. २००५ मध्ये बरबँक येथे उरलेल्या ७८ गाड्यांसमोर चालकांनी अहोरात्र पहारा दिला आणि त्या विकत घेण्यासाठी एकूण १९ लाख डॉलर देऊ केले. कंपनीने नकार दिला. याच काळातली दुसरी एक नोंद याशेजारी ठेवावी : टोयोटाने २००२ पासून ‘राव्ह-४’च्या विद्युत आवृत्तीच्या तीनशेहून अधिक गाड्या सामान्य ग्राहकांना चक्क विकल्या. त्या मालकांच्या ताब्यात राहिल्या आणि पुढे कित्येक वर्षे धावल्या. बॅटरीचे युग तेच, राज्य तेच. फरक मालकीच्या कागदाचा.

२००६ मध्ये जनरल मोटर्सचे तत्कालीन प्रमुख रिक वॅगनर यांनी आपल्या कारकिर्दीतील सर्वांत वाईट निर्णयांत ‘ईव्ही-१’ बंद करण्याचा उल्लेख केला. आपण पारदर्शक नव्हतो, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. खेद होता तो कंपनीची प्रतिमा डागाळल्याचा.

त्याच वर्षी जुलैमध्ये सांता मोनिकाच्या विमानतळावर टेस्लाने निमंत्रितांना ‘रोडस्टर’ दाखवली. तिच्या पूर्वपीठिकेत कोकोनी यांच्या ‘टीझीरो’ या मोटारीचा वाटा होता. म्हणजे ‘इम्पॅक्ट’चा वारसा भलत्याच घरी पोहोचला होता. दहा वर्षांनी, ३१ मार्च २०१६ रोजी, ‘मॉडेल ३’च्या पूर्वदर्शनात पूर्वदर्शनाचे स्वरूपच बदलले. आता कोणी प्रश्नावली भरून घेत नव्हते. नोंदणीसाठी १,००० डॉलर अनामत होती आणि पहिल्याच आठवड्यात ३,२५,००० जणांनी ती भरली. ‘मागणीच नाही’ हा युक्तिवाद कायमचा निकालात निघाला. त्या रात्री ३५,००० डॉलर ही किंमतही जाहीर झाली होती. गाड्या जुलै २०१७ पासून मिळू लागल्या, पण त्या महागड्या आवृत्तीच्या. जाहीर किमतीची गाडी मागवण्याची सोय फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. अनामत परत मागण्याचा हक्क तेवढा या वेळी ग्राहकाजवळ होता.