गोल कळांचा अर्धवट इतिहास

१/ गोल कळा, पितळी कडा, बाजूला शोभेचा दांडा. जुन्या टंकयंत्राच्या वेशातले संगणकाचे कळफलक 'वारसा' म्हणून मिरवले जातात. ही वारशाची थट्टा आहे.

२/ या कळफलकांवर मराठी अक्षर सहसा नसतेच. जणू टंकयंत्र केवळ इंग्रजीचे होते! गोदरेजने १९५५ मध्ये पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र घडवले. पुढे त्यांची देवनागरी यंत्रेही महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत खडखडली.

३/ त्या यंत्रांची कर्तबगारी कुठे होती? पन्नासांहून कमी कळांत सारी बाराखडी आणि जोडाक्षरे बसवण्यात. म्हणून रेमिंग्टन मांडणीत कित्येक अक्षरे अर्धीच ठेवली गेली. काना जोडला की ती पूर्ण होत.

४/ भंडाऱ्याजवळचे वैनगंगाकाठचे 'कारधा' हे नाव पाहा. क, काना, र, अर्धा ध, तो पूर्ण करणारा काना आणि पुन्हा काना: सहा ठोके. इन्स्क्रिप्ट मांडणीत पाचच. तो सहावा ठोका म्हणजे लोखंडाने लिपीशी केलेला तह.

५/ संगणकावरही अनेक टंकलेखक आजवर तो तह पाळतात. त्यांची मांडणी 'जुनाट' ठरते आणि निरुपयोगी दांडा 'अभिजात'! हा कुठला न्याय?

६/ हौसेला हरकत नाही. तिला इतिहास म्हणण्याला आहे. गोदरेजचे टंकयंत्र-उत्पादन २००९ मध्ये थांबले, पण त्यावर हात बसलेली पिढी हयात आहे. इतिहासप्रेमींनी तिच्याकडून मांडण्या आणि युक्त्या आताच नोंदवून घ्याव्यात. पितळी कडा नंतरही विकत मिळतील.